नव्या चकत्या, झिजलेले घर

घरातील एखादे यंत्र बिघडले की आपण सामान्य माणसे दोनच प्रश्न विचारतो : खर्च किती येईल आणि दुरुस्त होऊन केव्हा मिळेल? नेमके काय झिजले आहे, हा तिसरा प्रश्न विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. तो न विचारल्यामुळे मी एकाच दुखण्यासाठी दोनदा पैसे मोजले. आणि तिसऱ्या वेळी जे मोजावे लागले असते, ते पैशांत मोजण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच. मोटारसायकल आज बहुतेक घरांच्या अंगणात उभी असते, तेव्हा विषय यंत्राचा असला तरी तो सर्वांच्या उपयोगाचा आहे.

बेळगावहून खानापूर तालुक्यातील शाळेपर्यंतचा माझा रोजचा प्रवास १५० सीसीच्या एका मोटारसायकलवर होतो. दहा वर्षे तिने इमानाने सेवा केली. पुढे तिच्या वागण्यात थोडा फरक जाणवू लागला. पहिला गिअर टाकताना ‘खाडकन्’ आवाज होई. थांबलो असता न्यूट्रल सापडत नसे. क्लचचा दांडा मुठीपर्यंत दाबूनही गाडी पुढे सरकू पाही, आणि तो सोडताना धक्का बसे. गॅरेजमध्ये नेल्यावर ‘क्लचप्लेटा गेल्या’ असे निदान झाले व नव्या प्लेटा बसविल्या गेल्या. काही आठवडे बरे गेले आणि मूळ दुखणे परत आले. प्लेटा हलक्या निघाल्या असाव्यात, असे समजून मी कंपनीच्या अस्सल प्लेटा घालून घेतल्या. परिणाम तोच.

मग आषाढातील एके संध्याकाळी टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी मी थांबलो होतो. गेट पडलेले, पावसाची भुरभुर चाललेली. न्यूट्रल मिळेना, म्हणून पहिल्या गिअरमध्येच क्लच दाबून उभा होतो. माझ्यापुढे एक शाळकरी मुलगी सायकलवर होती. चष्म्यावरचे पाणी पुसण्यासाठी मी उजवा हात क्षणभर ब्रेकवरून काढला. तेवढ्यात गाडी आपण होऊन पुढे सरकली आणि सायकलच्या मागच्या चाकाला भिडली. पोरगी हुशार, तिने चटकन पाय टेकला. मागे वळून ‘काका, लागलं नाही मला’ असे तिनेच मला सांगितले. रेल्वेचे रूळ तिच्यापासून चार पावलांवर होते. मी इंजिन बंद केले आणि पावसातून गाडी ढकलत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून शहापूर भागातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी काहीच उघडले नाही. क्लचची केबल पाहिली, दांड्याची ढील तपासली, इंजिनात कोणते तेल आहे ते विचारले. आधीच्या प्लेटा पिशवीत जपून ठेवल्या होत्या, त्या दाखविल्यावर ते हसले आणि आपल्या बेळगावी वळणात म्हणाले, ‘सर, प्लेटा नव्या घातलासा, पण त्यांचं घरच झिजलंय की!’

हे ‘घर’ म्हणजे काय, ते समजून घेतले की सारा उलगडा होतो. इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे नेणारा आणि हवी तेव्हा तोडणारा दुवा म्हणजे क्लच. त्याचा बाहेरचा भाग उभ्या बोटांच्या टोपलीसारखा असतो. मिस्त्री मंडळी त्याला क्लच हाउसिंग म्हणतात. जुन्या बुलेट-जावा गाड्यांत इंजिनाची शक्ती त्याच्यापर्यंत साखळीने पोहोचे. आताच्या बहुतेक गाड्यांत ती दातेरी चक्राने पोहोचते. टोपलीच्या आत एकाआड एक दोन प्रकारच्या चकत्या बसतात. घर्षणाचा लेप असलेल्या चकत्यांना बाहेरच्या कडेला कान असतात आणि ते टोपलीच्या बोटांमधील फटींत अडकतात. त्यांच्यामधल्या पोलादी चकत्या आतल्या हबवर बसतात व हब गिअरपेटीचा दांडा फिरवतो. स्प्रिंगा या साऱ्या चकत्यांना घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाबरोबर गाडी चालते. आपण क्लच दाबला की स्प्रिंगांचा दाब उठतो, चकत्या जरा विलग होतात आणि दुवा तुटतो.

विलग होण्यासाठी कानांना बोटांवरून सरकता आले पाहिजे, आणि गोम आहे ती येथेच. चार स्ट्रोकचे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटाला २००० स्फोट होतात. म्हणजे सेकंदाला तेहतीसहून अधिक. प्रत्येक स्फोटाचा हिसका त्या कानांवाटे बोटांना बसतो. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की हाच मार उलट्या बाजूने बसतो. हाउसिंग सहसा अॅल्युमिनियमचे ओतीव असते, कारण फिरणारे वजन जितके कमी तितके गिअर बदलणे सुलभ. उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने ज्या गावात आहेत, तेथील वाचकांना वेगळे सांगावयास नको की, अॅल्युमिनियम हलके खरे, पण मऊ. वर्षानुवर्षांच्या माराने प्रत्येक कानासमोर बोटावर एकेक खाच पडत जाते. मग क्लच दाबला तरी कान त्या खाचेत अडकून राहतो, चकत्या पुऱ्या सुटत नाहीत, आणि उभी गाडी सरकते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. चकत्यांचा लेप झिजला तर क्लच घसरतो; म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. खाचा पडल्या तर नेमके उलटे होते : क्लच सुटतच नाही. माझ्या गाडीचे दुखणे दुसऱ्या जातीचे होते आणि औषध पहिल्या जातीचे चालले होते. अर्थात क्लच न सुटण्याला केबलची वाजवीपेक्षा जास्त ढीलही कारण होऊ शकते. ते तपासण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून मिस्त्रींनी आरंभ तेथून केला. तेलाची चौकशीही अकारण नव्हती. मोटारगाडीसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी तेलात बुडालेला क्लच घसरू लागतो. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण पाहून घ्यावी.

मिस्त्रींनी तेल काढून झाकण उघडले. झाकणाचे बोल्ट लांबीला सारखे नसतात, म्हणून त्यांनी ते पुठ्ठ्यावर ज्या त्या जागी खोचून ठेवले. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे घेऊन थोडे थोडे सैल केले. चकत्या निघाल्यावर त्यांनी माझे बोट हाउसिंगच्या बोटावर फिरवले. नख पायऱ्यांवरून उतरावे तसे अडखळत गेले! एका बोटाच्या मुळाशी बारीक तडाही दिसला. मधला नट सोडताना क्लच फिरू नये म्हणून धरून ठेवण्याचे खास अवजार लागते. ते नसले की काहीजण बोटांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर अडकवून जोर लावतात. हा तडा त्यातलाच असावा, असे त्यांचे मत पडले.

‘कानसीने घासून चालेल काय?’ मी काटकसरीने विचारले. त्यांचे उत्तर मला मोठे मार्मिक वाटले. खाच नखाला जेमतेम जाणवण्याइतकी असेल, तर हाउसिंग बाहेर काढून बारीक सपाट कानसीने बोटांच्या कडा सरळ व सारख्या करता येतात. नंतर ते रॉकेलने स्वच्छ धुवावे, नाही तर कीस तेलावाटे इंजिनभर फिरतो. परंतु कानस फक्त काढून घेते, भर घालीत नाही. जितके घासावे तितकी कान आणि बोट यांच्यातली फट रुंदावते, हिसका लांबून बसतो आणि नवी खाच पूर्वीपेक्षा लवकर पडते. खाच खोल असेल, तडा असेल, किंवा मागच्या दातेरी चक्राजवळचे रबर वा स्प्रिंगा ढिल्या होऊन हाउसिंग हाताने खुळखुळत असेल, तर ते बदलावेच. तुटलेले बोट इंजिनात पडले म्हणजे खर्च क्लचपुरता राहत नाही. वेल्डिंगने भर घालण्यासही त्यांनी नकार दिला. उष्णतेने अॅल्युमिनियम वाकते आणि फिरणाऱ्या भागाचा तोल बिघडतो.

अखेर नवे हाउसिंग आणले. त्याबरोबर प्लेटाही पुन्हा नव्या घ्याव्या लागल्या, कारण जुन्या खाचांत आपटून आधीच्यांचे कान चेपले होते आणि असले कान नव्या बोटांनाही लवकर खाच पाडतात. नव्या घर्षण-चकत्या त्यांनी रात्रभर इंजिनाच्या तेलात भिजत ठेवल्या. नटाखालचा लॉक वॉशर आणि झाकणाचे गॅस्केट नवे घातले आणि प्रत्येक नट ठरलेल्या मापानेच आवळला.

त्या गॅरेजला मी दोष देत नाही. मी प्लेटांबद्दल विचारले, त्यांनी प्लेटा बदलल्या. चकत्या हातात असताना हाउसिंगवरून नख फिरवायला अर्धे मिनिट लागले असते. ते ना त्यांना सुचले, ना मला. म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, क्लचप्लेटा बदलण्याचा प्रसंग आला तर झाकण उघडलेले असताना स्वतः तेथे उभे राहावे आणि ‘हाउसिंग दाखवा’ असे म्हणावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

आता गेट पडले की न्यूट्रल एका टिचकीत मिळते. तरीही दोन्ही ब्रेक दाबून धरण्याची सवय मी सोडलेली नाही. त्या मुलीचा टेकलेला पाय मला अजून दिसतो.