पोटाला हौस कळत नाही



आपल्याकडे शस्त्रक्रियांच्या दोन जाती मानतात. अपेंडिक्स काढले की घरात दुखणे आले असे समजून शेजारीण पेज घेऊन येते. परंतु बाळंतपणांनी सैल पडलेले पोट शस्त्रक्रियेने घट्ट करून घेतले, तर ती हौस ठरते. आणि हौस करणारीने विश्रांती कोणत्या तोंडाने मागावी? म्हणून डोंबिवलीतली एखादी गृहिणी ही गोष्ट दडवते, आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी आले की स्वतःच बादली उचलते. मला बोलायचे आहे ते या बादलीविषयी.

या शस्त्रक्रियेत ओटीपोटाच्या खालच्या अंगाला, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेतात. वरची कातडी व चरबी बरगड्यांपर्यंत सुटी करून जादा भाग कापतात आणि बेंबीला नव्या जागी वाट करून देतात. गरोदरपणात पोटाच्या मध्यावरचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले असतात. तेही पुष्कळदा टाके घालून जवळ आणतात. बाहेरची जखम दोनतीन आठवड्यांत भरलेली दिसते, आतली शिवण मात्र सुमारे ६ आठवडे कच्ची असते. तोवर ४-५ किलोंहून जड काही उचलायचे नाही. भरलेली बादली १५ किलोंच्या घरात जाते. कडेवर घे म्हणून हट्ट करणारे मूलही १० किलोंचे असते. त्याला दुसऱ्या कोणीतरी शेजारी आणून बसवावे.

पहिले आठदहा दिवस थोडे वाकून चालावे लागते, त्याची लाज नको. निजताना पाठीखाली उशा आणि गुडघ्यांखाली लोड घ्यावा. जमिनीवर गादी घालून निजणे तूर्त बंद, कारण तिथून उठताना सारा जोर पोटावर येतो. खाटेवरूनही आधी कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठावे. खोकला आला तर पोटाशी उशी घट्ट धरावी. निचऱ्याची नळी ठेवलेली असेल, तर २४ तासांत किती पाणी आले ते वहीत लिहावे; ते ३० मिलिलिटरच्या खाली उतरले की बहुधा डॉक्टर नळी काढतात.

पोटाचा पट्टा पाहून आजीला बाळंतिणीचे पोट बांधणे आठवते, आणि तिचे काही अगदीच चुकत नाही. पण पट्ट्यामागून शेगडीही येते! ती मात्र दारातच थांबवावी. सुट्या केलेल्या कातडीला कित्येक महिने स्पर्श नीट कळत नाही; शेकताना ती भाजली तरी समजत नाही. गरम पाण्याच्या पिशवीचेही तेच. मशेरीदेखील बंद हवी, आणि तीही शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आखडतात व जखमेची कड काळी पडून मरू शकते. डिंकाच्या लाडवाला माझी हरकत नाही. त्याच्या जोडीला वरण, अंडी, ताक असावे.

आता उलट चूक. काही घरांत इतकी काळजी घेतात, की बाईला खाटेवरून हलूच देत नाहीत. पाय निश्चल राहिले की पिंढरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जाग्या वेळी दर दोनएक तासांनी घरातल्या घरात फेरी मारलीच पाहिजे. एकच पाय सुजला व दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. पोट अचानक एका बाजूने फुगले, ताप चढला, जखमेला दुर्गंधी आली, तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना तत्काळ कळवावे. आणि इथे ते दडवणे महागात पडते. रात्री इस्पितळात नेणाऱ्या दिराला जर "पित्ताचा त्रास आहे" एवढेच ठाऊक असेल, तर तिथला डॉक्टर गुठळीचा विचार कशावरून करणार? शेजारणीला काय सांगायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. घरातल्या निदान दोघांना खरे नाव व औषधांची चिठ्ठी ठाऊक असू द्या.

टेबलाशी बसून करायचे काम दोनतीन आठवड्यांत जमते. पण ठाणे-कल्याणकडच्या माणसाला कचेरी जड नसते, कचेरीला जाणे जड असते. गाडीच्या दारातला एक कोपर नेमका त्या शिवणीवर बसतो. रजा मागताना खुर्चीचा नव्हे, सकाळच्या लोकलचा हिशेब धरावा. ६ आठवडे मिळाले तर उत्तम, नाहीतर गर्दी ओसरल्यावर निघण्याची सवलत मागावी. आणि बादली? ती तोवर घरातल्या धडधाकट पुरुषाने भरावी.