नीरा-भीमेच्या काठाने (भाग ९) : न तरंगणारे मरण

उन्हाळ्यात नीरेचे पाणी काळे पडले, त्यातला प्राणवायू संपला, की मासे उलटे होऊन काठाला लागतात. वडगाव निंबाळकरच्या शिवारातून खाली नरसिंहपूरच्या संगमाकडे जाताना ते कुणालाही दिसते, वासही येतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. गेल्या आठवड्यात त्याबद्दल लिहिले. आजच्या मरणाचा फोटो निघत नाही. परजीवींनी पोखरलेला मासा सहसा तरंगत वर येतच नाही, त्याआधीच त्याला कुणीतरी गिळलेले असते.

आधी डोळ्यांना दिसणारा परजीवी घेऊ. रोहू किंवा कटला पाण्याबाहेर काढल्या काढल्या त्याचे अंग निरखून पाहा. परांच्या बुडाशी एखादा खवला सरकल्यासारखा वाटला, तर तो खवला नव्हे, अर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ. चपटी, जवळजवळ पारदर्शक, पाच-सात मिलिमीटरची, दोन काळे डोळे आणि चिकटायला दोन गोल चूषके. तोंडातली सुई टोचून ती रक्त पिते. मासा बेजार होऊन दगडावर, काठीवर अंग घासतो, जखमा होतात आणि मग जिवाणू व बुरशी आत शिरतात. मादी अंडी घालते ती मात्र माशावर नाही, तर दगडांवर, पाणवनस्पतींच्या देठांवर आणि पाण्यात रोवलेल्या खुंटांवर.

ऊ निदान दिसते तरी. क्लिनोस्टोमम नावाच्या चपट्या कृमीचा प्रवास मात्र ठाऊक असल्याशिवाय लक्षात येत नाही. मरळीसारख्या माशाच्या कल्ल्यांपाशी किंवा मांसात बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळ्या गाठी सापडतात, त्या याच्या अळ्या. प्रौढ कृमी राहतो बगळ्याच्या तोंडात आणि घशात. बगळा चोच पाण्यात घालतो तेव्हा अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेला जीव गोड्या पाण्यातल्या शंखात शिरतो, तिथे एकाचे शेकडो होतात, मग ते बाहेर पडून माशाच्या कातडीतून आत घुसतात आणि गाठ करून वाट पाहत बसतात. तो मासा बगळ्याने गिळला की अळी पोटातून उलटी वर सरकून घशात मुक्काम करते. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला उजनी धरणाच्या उथळ पाण्यात राखी बगळे, शंख आणि मासे तिन्ही हाताच्या अंतरावर असतात. त्यात पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. सांडपाण्याने शेवाळ वाढते आणि शेवाळावर शंख पोसतात. २००७ साली अमेरिकेत पीटर जॉन्सन यांच्या गटाने बेडकांच्या एका कृमीबाबत हेच प्रयोगाने दाखवले: पाण्यात खतावळ वाढली की शंख वाढतात आणि संसर्गही वाढतो.

या साखळीत मासा बगळ्याला मिळाला नाही, तर कृमीचे सगळेच वाया जाते. म्हणून काही परजीवी शिकार सोपी करून ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या खाडीतल्या किलीफिशच्या मेंदूवर एक कृमी अळ्यांचा थर चढवतो. मग मासा पृष्ठभागाजवळ येऊन वळवळतो, कूस दाखवतो. लॅफर्टी आणि मॉरिस या संशोधकांनी १९९६ मध्ये मोजले तेव्हा असे मासे पक्ष्यांच्या तोंडी जाण्याचे प्रमाण निरोगी माशांच्या १० ते ३० पट निघाले. लिग्युला हा पट्टकृमी आणखी वेगळा. तो कार्प कुळातल्या माशाच्या पोटात वाढत राहतो आणि माशाची अंडाशये विकसितच होऊ देत नाही. मासा जिवंत, पोहतोय, जाळ्यातही येतोय. पण पुढच्या पिढीच्या हिशेबात तो नाही.

हा हिशेब लावणे अवघडच, कारण परजीवी सगळ्यांत सारखे वाटलेले नसतात. बहुतेक माशांत एखाद-दुसरा किंवा एकही नाही, आणि मोजक्या माशांत ढीगभर. क्रॉफ्टन या परजीवी-अभ्यासकाने १९७१ साली परजीवींच्या गणिताचा पायाच या विषम वाटणीवर घातला. तो ढीग अंगावर वागवणारा मासा मेला की त्याच्याबरोबर कृमींचाही मोठा वाटा संपतो, आणि उरलेला थवा टिकतो. इंदापूरच्या बाजारातले दहा मासे चिरून ‘काही नाही हो’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. सर्वांत जास्त लागण झालेले बाजारापर्यंत पोचलेलेच नसतात. (खाणाऱ्यांनी घाबरू नये. मासा नीट शिजवला की या अळ्या मरतात.)

आपल्याकडे या विषयाचा अभ्यास नाही असे मात्र नाही. औरंगाबादच्या विद्यापीठात जी. बी. शिंदे यांनी १९६८ साली मरळीच्या आतड्यातल्या पट्टकृमींसाठी ‘सर्कमऑन्कोबोथ्रियम’ ही नवी प्रजाती मांडली. पुढे मराठवाड्यातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी वाम आणि मरळ चिरून जंतांची वर्णने केली. माझे मत विचाराल तर नावे देण्यात आपण जितके रमलो, तितके अंडी, वजन आणि वय मोजण्यात रमलो नाही.

मासा आणि परजीवी यांच्यातला निसर्गातला तोल माणूस बिघडवतो तो बहुधा मासे हलवून. १९३०च्या दशकात कॅस्पियन समुद्रातल्या स्टर्जन माशाची एक जात अरल समुद्रात सोडली गेली. तिच्या कल्ल्यांवरचा निट्झ्शिया हा कृमी सोबत गेला. कॅस्पियनचा मासा त्याला सरावलेला होता, पण अरलचा स्थानिक स्टर्जन नव्हता, आणि १९३६ मध्ये तो मोठ्या संख्येने मेला. उजनीत, तलावांत आणि शेततळ्यांत बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) सोडताना डबे मोजले जातात, आकार पाहिला जातो. तेवढ्याच वेळात ओंजळभर बोटुकली पांढऱ्या ताटात घेऊन भिंगाखाली ऊ आहे का तेही पाहता येते, आणि सोडण्याआधी मिठाच्या पाण्यात बुचकळता येते. शेततळ्यातली ऊ तळे कोरडे करून मारता येते. उजनी कोरडी करता येत नाही.