विश्लेषण : मुक्त सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचे बिल कोण भरते?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींमागे ‘फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग’ या संकेतस्थळावर घडणारे सॉफ्टवेअर असते. ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. ते तपासणारी यंत्रणा मात्र महागडी आहे. २०२५ च्या सुरुवातीला या यंत्रणेचे फुकट मिळणारे सर्व्हर बंद होणार असल्याचे कळले आणि काही महिन्यांत नवे घर शोधण्याची वेळ आली. हा पेच काय होता?

‘फ्रीडेस्कटॉप’वर काय घडते?

ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणारे ‘मेसा’, खिडक्या पडद्यावर मांडणारे ‘वेलँड’, आवाज व व्हिडीओ हाताळणारे ‘पाइपवायर’ आणि ‘जीस्ट्रीमर’ हे प्रकल्प येथे आहेत. लिनक्सवर मराठी मजकुरासाठी कोणता फाँट निवडायचा हे ठरवणारे ‘फाँटकॉन्फिग’ही येथेच विकसित होते. जगभरातील स्वयंसेवक आणि कंपन्यांचे अभियंते त्यात भर घालतात.

चाचणी यंत्रणा म्हणजे काय?

एखाद्याने कोडमध्ये एक ओळ बदलली तरी दुसरीकडे काही बिघडू शकते. म्हणून प्रत्येक बदल आला की सर्व्हर आपोआप संपूर्ण सॉफ्टवेअर नव्याने बांधतो, त्यावर चाचण्या चालवतो आणि निकाल कळवतो. याला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ किंवा ‘सीआय’ म्हणतात. चाचणी नापास झाली तर बदल स्वीकारला जात नाही.

‘मेसा’सारख्या प्रकल्पात हे आणखी अवघड. ग्राफिक्सचा कोड खऱ्या चिपवरच तपासावा लागतो. त्यासाठी काही कंपन्यांनी आपल्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या चिपचे बोर्ड मांडून ठेवले आहेत. बोर्ड अडकला की दुरूनच त्याचा वीजपुरवठा बंद-चालू करावा लागतो. कधी कोड ठीक असूनही चाचणी नापास होते. दोष कोडचा, बोर्डाचा की नेटवर्कचा, हे शेवटी माणसालाच शोधावे लागते.

खर्च नेमका कशाचा?

२०२० च्या फेब्रुवारीत या संकेतस्थळाचा आर्थिक भार वाहणाऱ्या ‘एक्स डॉट ऑर्ग फाउंडेशन’ने धोक्याची घंटा वाजवली. वर्षाचा खर्च सुमारे ७५ हजार डॉलरवर जाणार होता. पैसे न मिळाल्यास मे-जूनच्या सुमारास सेवांना कात्री लावावी लागेल, असे सांगण्यात आले. मोठा वाटा वेबसाइटचा नव्हता. बांधून तयार झालेल्या मोठमोठ्या फायली क्लाऊडमधून बाहेरच्या चाचणी यंत्रांकडे पुन्हा पुन्हा पाठवल्या जात होत्या आणि क्लाऊड कंपन्या बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे घेतात. चाचणीची यंत्रे दान मिळाली होती, पण त्यांच्यापर्यंतच्या वाटेचा टोल भरावा लागत होता.

२०२५ मध्ये काय झाले?

पुढे ही सेवा ‘इक्विनिक्स मेटल’ने पुरवलेल्या फुकट सर्व्हरवर गेली. मात्र कंपनीने हा व्यवसायच गुंडाळण्याचे ठरवले आणि प्रकल्पाला एप्रिलअखेरची मुदत मिळाली. ‘अल्पाइन लिनक्स’ या प्रकल्पावरही हीच वेळ आली. ‘फ्रीडेस्कटॉप’ने मार्चमध्ये ‘हेट्झनर’ या जर्मन कंपनीच्या सर्व्हरवर स्थलांतर केले. सर्व्हरचे भाडे आपण भरावे आणि देणगीदारांकडून पैशाची मदत घ्यावी, असा विचार यामागे होता. त्यामुळे एखादा दाता मागे फिरला तरी सगळा संसार हलवावा लागत नाही.

फुकट सेवेचा भरवसा किती?

‘ट्रॅव्हिस सीआय’ ही सेवा अनेक वर्षे मुक्त प्रकल्पांना विनामूल्य वापरू देत असे. फुकट मिळणाऱ्या यंत्रांवर कूटचलनाचे ‘मायनिंग’ करणारेही तेथे घुसले. नोव्हेंबर २०२० मध्ये सेवेने मोफत वापरावर मर्यादा आणली आणि असंख्य प्रकल्पांना आपल्या चाचण्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

देखभाल थांबली तर?

२९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या फायली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील चोरदरवाजा उघड केला. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याने त्यांना शंका आली होती. घातक कोड चाचणीच्या फायलींत दडवला होता. तो कार्यान्वित करणारी पायरी प्रसिद्ध झालेल्या पॅकेजच्या बांधणीत होती, सार्वजनिक कोडमध्ये नव्हती. सॉफ्टवेअर कसे बांधले जाते आणि कसे तपासले जाते याकडे कोणाचे लक्ष नसते, हे हल्लेखोराने हेरले होते.

नवे फीचर आले की त्याची बातमी होते. चाचणीचा सर्व्हर रात्रभर नीट चालला, याची होत नाही. ‘फ्रीडेस्कटॉप’चे स्थलांतर वेळेत झाले. भाड्याचे बिल मात्र आता दर महिन्याला येणार आहे.