जुन्या व्हॉइस मोडेममधून इंटरनेट कॉल लँडलाइनवर जातो का?

जातो, पण रडतखडत. व्हॉइस मोडेम टेलिफोनसारखाच लाइन उचलतो, नंबर फिरवतो आणि कॉम्प्युटरमधला आवाज तारेवर सोडतो. २००३ साली स्काइप आल्यावर हौशी मंडळींना वाटलं, परदेशातून आलेला कॉल असाच पुढे लँडलाइनवर ढकलावा.

गोची अशी, की बरेचसे व्हॉइस मोडेम आन्सरिंग मशीनच्या कामापुरतेच होते. एका वेळी एक तर बोलणार, नाहीतर ऐकणार. म्हणजे गप्पा वॉकीटॉकीसारख्या! दोन्ही बाजूंचा आवाज एकाच वेळी नेणारा मोडेम मिळाला, तरी प्रतिध्वनी छळतो. लँडलाइनच्या दोनच तारांवरून जाणारा-येणारा आवाज धावतो, त्यातला थोडा परत फिरतो आणि इंटरनेटच्या विलंबामुळे तो ठळक ऐकू येतो. अ‍ॅस्टेरिस्क या मोफत सॉफ्टवेअरसोबत वापरलं जाणारं एक्स१००पी कार्डही मुळात मोडेमच. त्यावरही ही तक्रार असायचीच.

भारतात मात्र प्रश्न कायद्याचा आहे. परवान्याशिवाय असा जोड देणं बेकायदा ठरतं. परदेशी कॉल स्थानिक नंबरवरून आल्यासारखा दिसतो, खरा कॉल कुणी केला ते लपतं. पोलिस ज्या सिम बॉक्सवर छापे घालतात, तो याच युक्तीचा मोबाइल अवतार.