सकाळची फेरी, इतिहासाची उजळणी

दिवसभर खुर्चीवर बसून कारकुनी करणाऱ्या मला डॉक्टरांनी बजावले, "रोज चाला, जमेल तसे पळा." तेव्हापासून पहाटे मुलीला घेऊन मी नागसेनवनात जातो.

पहिल्याच दिवशी मिलिंद महाविद्यालयापाशी धाप लागून थांबलो. मुलीने विचारले, "बाबा, हे कॉलेज कुणाचं?" मी सांगितले, आपल्या बाबासाहेबांनी काढलेले. महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

पुढे विद्यापीठाचे प्रवेशद्वार लागते. नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात किती घरे जळाली, किती जीव गेले! तेथे आम्ही पळत नाही. दोन मिनिटे शांत उभे राहतो. समोरच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. रविवारी तिथवर जातो.

आता मुलगीच हा इतिहास धाकट्या भावाला सांगते.

बंधू-भगिनींनो, या व्यायामाला फी लागत नाही. मात्र घरच्या बाईलाही सोबत न्या. धुणीभांडी हे कष्ट आहेत, व्यायाम नव्हे. तिच्या वाट्यालाही मोकळी सकाळ यायला हवी. जयभीम!