बाण दहात गेला, तेव्हा मेंदूत काय घडलं?

बर्लिनमध्ये ५ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरच्या ओजस देवतळेनं जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात पंधरा बाण सोडले आणि पंधराच्या पंधरा दहाच्या वर्तुळात गेले. १५० पैकी १५०. पोलंडचा लुकाश प्रिझिबिल्स्की एका गुणानं मागे राहिला, १४९ वर. पन्नास मीटरवरचं ते वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे चहाच्या बशीहून लहान. त्याच दिवशी साताऱ्याची आदिती स्वामी महिलांमध्ये जगज्जेती झाली. दोघांचे प्रशिक्षक एकच, प्रवीण सावंत.

असा हात बसतो तो सरावानं, हे सगळेच सांगतात. पण दर बाणामागे मेंदूला दोन वेगळ्या गोष्टी कळत असतात, त्यांची आपण गल्लत करतो. बाण किती आणि कुठल्या बाजूला चुकला, ही झाली माहिती. ती मुख्यतः लहान मेंदू वापरतो आणि पुढची हालचाल दुरुस्त करतो. जमलं की फसलं, हा झाला निकाल. त्याचा हिशेब डोपामिन सोडणाऱ्या पेशी ठेवतात. त्यांचं वागणं वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं. अनपेक्षित बक्षीस मिळालं की या पेशी उसळतात, अपेक्षित बक्षिसावर गप्प राहतात आणि ठरलेलं बक्षीस हुकलं की मंदावतात. या हिशेबानं पाहिलं तर नवख्या पोराचा पहिला दहा त्याला खूप शिकवतो. मुरलेल्या खेळाडूला दहापेक्षा नऊच जास्त शिकवत असणार.

मग शाबासकी द्यावी की दम? जोसेफ गलेआ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हाताची एक नवी हालचाल लोकांना शिकवली. काहींना अचूकतेसाठी पैसे मिळत, काहींचे चुकीपायी कापले जात. पैसे कापले गेलेले लवकर शिकले. पैसे मिळालेल्यांनी शिकलेलं जास्त टिकवलं. त्याआधी २०११ मध्ये मितसुनारी आबे यांच्या प्रयोगातही बक्षीस मिळवत शिकलेल्यांचं कौशल्य तीस दिवसांनंतरही शाबूत होतं, इतरांचं ओसरलं होतं. ओरडून शिकवणाऱ्या गुरुजींना लगेच फळ दिसतं ते का, याचा उलगडा यातून होतो. मैदानावर महिनाभरानं काय उरलं, हे मोजतो कोण?

माहितीचंही अजीर्ण होतं. कॅरोलिन विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवलं की प्रत्येक प्रयत्नानंतर किती चुकलं हे कळलेल्यांपेक्षा निम्म्याच प्रयत्नांनंतर कळलेले लोक पुढच्या, चूक न सांगता घेतलेल्या परीक्षेत सरस ठरले. ही माहिती दर वेळी आयती मिळाली की माणूस स्वतःच्या खांद्याचं, बोटांचं ऐकणं सोडून देतो.

तिरंदाजीत आणखी एक पेच आहे. सोडणं बिघडलं, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि बाण नेमका दहात. मेंदूच्या वहीत हे यश म्हणूनच जमा होतं, पाठोपाठ ती बिघडलेली हालचालही. म्हणूनच जगभरचे तिरंदाज काही सराव अगदी जवळून, लक्ष्याचा कागदच न लावता करतात. गुण नाहीत, दहा नाही, नऊ नाही; फक्त ओढ, नेम आणि सोडणं. शाबासकीशिवाय शिकलेला एकलव्य आपल्याला ठाऊक असतो, पण बाण कुठे लागला हे त्यालाही दिसत होतं. इथे तेवढंही नाही, आणि मला हा सराव सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

तिरंदाजी असो, बॅडमिंटन असो की तबला, मुलांना शिकवायला धाडणाऱ्या पालकांना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना एवढीच विनंती: प्रत्येक फटक्यावर लगेच बोलू नका. आधी मुलालाच विचारा, कसा गेला? त्यानं सांगितल्यावर मग निकाल दाखवा. शाबासकी द्यायची ती चांगल्या हालचालीला द्या, बाण नऊवर गेला असला तरीही.