पन्हाळगड ते पावनखिंड : आषाढातील पदभ्रमंती

सह्याद्रीतील बहुतेक दुर्गांचा इतिहास तट-बुरुजांच्या साक्षीने सांगितला जातो. पन्हाळगड आणि विशाळगड यांना जोडणारी वाट मात्र स्वतःच इतिहास आहे.

मार्च १६६० पासून सिद्दी जौहरने पन्हाळ्यास घातलेला वेढा पावसाळा सुरू झाला तरी ढिला पडला नाही. अखेर १२ जुलैच्या रात्री, आषाढ पौर्णिमेस, शिवाजी महाराज सुमारे सहाशे निवडक मावळ्यांसह पालखीतून गडाबाहेर पडले. शत्रूला चकविण्यासाठी महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसलेले शिवा काशीद प्राणास मुकले, असे परंपरा सांगते. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातील बांदलांच्या तुकडीने पाठलाग रोखून धरला. विशाळगडाच्या पायथ्याशीही सुर्वे व दळवी यांचे मोर्चे होते; ते मोडून महाराज गडावर पोहोचले. बाजीप्रभूंच्या बलिदानाने घोडखिंडीची पावनखिंड झाली.

मावळ्यांनी एक रात्र आणि काही प्रहरांत, खांद्यावर पालखी घेऊन तोडलेले हे अंतर आज पदयात्री दोन दिवसांत चालतात. राजदिंडीतून उतरून म्हाळुंगेमार्गे मसाईच्या विस्तीर्ण पठारावर आले की, धुक्यात चार पावलांपुढचे दिसत नाही. पुढे खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या-वस्त्या लागतात. त्यानंतर भातखाचरे, दुथडी वाहणारे ओढे, दाट जंगल, निसरडा चिखल आणि पायाला चिकटणाऱ्या जळवा! पाठीवरचे ओझे जसजसे जड होते, तसतसे त्या पालखीच्या भोयांचे मोल उमगू लागते.

महाराष्ट्रापासून दूर असलेल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव अवघड नाही. भिलाईच्या रिसालीतून निघणाऱ्यांनी दुर्गहून गोंदिया गाठावे. तेथून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला नेते. पन्हाळा तेथून सुमारे वीस किलोमीटर आहे. मात्र जाणत्या पथकाबरोबरच जावे, पुराच्या ओढ्यात धाडस करू नये आणि अंधारापूर्वी मुक्काम गाठावा.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत पन्हाळा आहे. विशाळगड आणि पावनखिंड नाहीत. किल्ल्यांच्या दगडी तटांप्रमाणे पायवाटेला तटबंदी नसते. रस्ता रुंद झाला, पठारावर प्लॅस्टिक साचले किंवा माणसांची ये-जा थांबली, की ती नाहीशी होते. म्हणूनच या वाटेवर येणाऱ्याने आपला कचरा परत न्यावा, वाडीतील घरी जेवून त्याचे मोल द्यावे आणि घरातील एखाद्या मुलाला सोबत आणावे. एका रात्रीच्या पराक्रमाची ही वाट पुढच्या पिढीलाही चालता यावी, यासाठी एवढे तरी आपल्या हाती आहे.